साहेबांनी ठेकेदाराला पाठवलेला मेल माहिती अधिकारात मिळतो का?

पाथर्डीफाटा_तिसरा_मजला
आमच्या सोसायटीसमोरच्या नाल्यावरची मोरी दोन पावसाळे तुंबतेय. यंदा जुलैत पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी होतं, माझी स्कूटी चार दिवस गॅरेजला पडून होती. कार्यालयात गेले (कोणतं ते लिहीत नाही, मला परत तिथेच जायचंय). अभियंता म्हणाले, "ताई, ठेकेदाराला मी स्वतः मेल टाकलाय, तीनदा."

बरं म्हटलं. माहिती अधिकाराचा अर्ज, म्हणजे जोडपत्र 'अ' भरलं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि ते तीन मेल मागितले. २८व्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "ई-मेल हा कार्यालयीन अभिलेखाचा भाग नसल्याने माहिती देता येत नाही." शिक्का तिरका, सही वाचता येत नाही. हे खरं आहे, की वाटाण्याच्या अक्षता?

बारनिशी_निवृत्त
अक्षताच. माझी निम्मी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली, म्हणून सांगतो. माहिती अधिकार अधिनियम २००५ चं कलम २(च) उघडा. 'माहिती'च्या व्याख्येत अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापने, ई-मेल असं ओळीनं लिहिलंय. ई-मेल हा शब्दच तिथे आहे, अर्थ काढत बसायची गरज नाही.

पहिलं अपील करा, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत. जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. ते त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. अर्जात भांडू नका, कलम लिहा आणि त्यांचं ते एका ओळीचं उत्तर जोडा.

पण त्याआधी एक करा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक संस्था, दोन्हींना लागू. जाऊन त्या कामाची नस्ती, म्हणजे फाइल, मागा. मेल खरंच गेला असेल तर त्याची प्रिंट नस्तीला लागलेली असते, टिपणीत "ठेकेदारास ई-मेलद्वारे कळविले" असं वाक्य असतं. आमच्या काळी साहेब मेल टाकायचे आणि प्रिंट काढून पंच करायचं काम आमच्या गळ्यात.

द्वारका_ते_सातपूर
साहेबांनी स्वतःच्या जीमेलवरून पाठवला असेल तर? बऱ्याच ठिकाणी तसंच चालतं.

बारनिशी_निवृत्त
कायदा पत्ता कुठला हे विचारत नाही. माहिती कार्यालयाकडे किंवा त्याच्या नियंत्रणात आहे का, एवढंच बघतो. काम सरकारी, पगार सरकारी, मग मोरीबद्दलचा मेल घरगुती कसा? अर्थात प्रत्यक्षात तिथे वाद घालतातच. म्हणून अर्जात 'साहेबांचा मेल' म्हणू नका. "सदर कामाबाबत ठेकेदाराशी झालेला सर्व पत्रव्यवहार, ई-मेलसह" असं लिहा. कोणाचा मोबाइल नंबर वगैरे असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचं देता येतं. आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर. 'का केलं नाही' असं विचारू नका, कागद मागा.

पाथर्डीफाटा_तिसरा_मजला
काल सोमवारी जाऊन आले. सव्वातीनला पोचले, शिपाईदादा म्हणे साहेब जेवायला गेलेत. मी बाकावर बसून राहिले. चारला नस्ती आली, पिवळं कव्हर, दोरी सुटलेली. ४३ पानं. मेलची प्रिंट एकच! दोन ओळींची, "कृपया मोरी साफ करावी". आणि तारीख? माझा माहिती अधिकाराचा अर्ज आवक झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

त्याच्या आधी मोरीबद्दल कागदच नाही, फक्त एका कोऱ्या पानावर पेन्सिलनं "फोन केला". मी त्या दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, २ रुपये पान, पावती घेतली. लिपिकबाई पावती फाडताना हळूच म्हणाल्या, "पेन्सिलवालं पण हवंय का?"

बारनिशी_निवृत्त
पेन्सिलवालं आधी हवंय! दोन्ही पानं अपिलाला जोडा, शिवाय तुमच्या अर्जाची आवक शिक्क्याची पोच. म्हणजे दोन तारखा शेजारी दिसतील. पाने क्रमांकित होती का तेही लिहा. आणि अपील टपालानं नका टाकू, हातानं देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, आजच. दिवस मोजले जातायत.

पाथर्डीफाटा_तिसरा_मजला
क्रमांक होते, काका. फक्त १७ नंतर एकदम १९.