वय ५४, कारखाना बंद. शिलाई मशीन रिपेअरिंग शिकावं का? (सोलापूर)

जुना_जॉबर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, टायपिंगला वेळ लागतो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी सोलापूर, पूर्व भागातला, वय ५४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात २७ वर्षं जॉबर होतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक मारतात तो. धोटा उडतोय, जकार्ड अडकलंय, बीम ढिला सुटतोय, सगळं आमच्याकडं. दिवाळीनंतर मालकानं कारखाना बंद केला. शिव्या घालण्यात अर्थ नाही, सुताचा भाव, लाईट बिल, वर पानिपतचा माल सोलापुरी म्हणून स्वस्तात बाजारात, आणि त्याची दोन्ही पोरं पुण्यात कंपनीत. हिशोब मात्र चुकता केला. पीएफ धरून सव्वासात लाख हातात आलेत. घर स्वतःचं, पोरगी सासरी हैदराबादला, पोरगा आत्ताच कुठं नोकरीला लागलाय.

माझ्या डोक्यात शिलाई मशीन रिपेअरिंग आहे. आपल्याकडं शाळेच्या युनिफॉर्मचे एवढे कारखाने, माझ्या मागच्या गल्लीतच चार आहेत, रात्री अकरापर्यंत खडखड चालू असते. मशीनला हात लावायची खोड पहिल्यापासून. बायकोचं पायाचं मशीन तीनदा खोलून जोडलंय (एकदा दोन स्क्रू उरले, तरी चाललं). पण मेहुणा म्हणतो चहाची फ्रँचायझी घे, साडू म्हणतो अपार्टमेंटला वॉचमन हो, गप पगार घे. या वयात मला शिकवणार कोण? की सरळ पैसे घालून दुकानच टाकू? आणि पीएफची पेन्शन ५० नंतर मिळते म्हणतात तर तो फॉर्म आत्ताच भरून टाकू का?

खरं सांगायचं तर भीती पैशाची नाही. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते ५१ चे. पुढं १९ वर्षं जगले पण काम असं परत केलंच नाही, भोंग्याची वेळ झाली की सदरा घालून दारात येऊन बसायचे, भोंगा बंद होऊन वर्ष झालं तरी. परवा मी सकाळी साडेसहाला उठून डबा शोधत होतो. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही.

चटणीवाली_मावशी

भाऊ, मी होटगी रोडची, वय ५७. मी शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं सुरू केलं तेव्हा ५१ ची होते. आधी तीस वर्षं घरच सांभाळत होते, त्यामुळं मला कुणी रिटायर केलंच नव्हतं, मुलं गेली बाहेर आणि एक दिवस लक्षात आलं की सकाळी अकरालाच सगळं आवरलंय.

तुमच्या दुकानाच्या प्रश्नावर एवढंच सांगते, पहिलं वर्ष मी घरातलं उखळ आणि शेजारणीचं उखळ एवढ्यावर काढलं. लोक म्हणाले मोठा मिक्सर घ्या. नाही घेतला. मिक्सरला शेंगदाण्याचा भुगा होतो, उखळात कुटलं की तेल सुटतं, चटणी मुठीत दाबली तर गोळा राहिला पाहिजे, तीच आपली चटणी. फूड लायसनवाल्यांचं रजिस्ट्रेशन केलं, मी काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती.

पण माझी खरी चूक वेगळीच झाली. हिशोबात शेंगदाणा, मिरची, लसूण, जिरं सगळं धरलं, हात धरलेच नाहीत! भाचीनं विचारलं मावशी रोज किती तास कुटतेस, मी म्हणलं चार. ती म्हणाली मग चार तासांचे पैसे कुठायत. मला उत्तरच आलं नाही, वर्षभर मी पुण्यातल्या लोकांना फुकट कुटून घातलं होतं. आणि पहिलं पार्सल पोचलं तेव्हा खोका तेलानं ओला आणि भाकरीचा चुरा. पॅकिंग मला कुरिअरच्या दुकानातल्या पोरानं शिकवलं, बावीस वर्षांचा असेल. भाकऱ्या आडव्या नाही, उभ्या लावायच्या, मध्ये पुठ्ठा. मला तीस वर्षं भाकरी थापून हे सुचलं नव्हतं. शिकवणारे असतात हो, आपण विचारायला लाजतो.

कडवट_काका

सगळे आता गोड गोड लिहिणार, म्हणून आधीच लिहितो. वय ६१. चहाची फ्रँचायझी घेऊ नका. मी घेतली होती, नाव लिहीत नाही. ग्रॅच्युइटीतले चार लाख घातले, बोर्ड त्यांचा, पावडर त्यांची, कप सुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचे, भाडं आणि पोराचा पगार मात्र माझा. अकरा महिन्यांत शटर ओढलं. समोर गाड्यावर दहा रुपयाला फक्कड चहा मिळत असताना माझ्याकडं पंचवीसचा कोण पिणार, हे मला आधी समजायला पाहिजे होतं, मी स्वतः तोच गाड्यावरचा पीत होतो.

पेन्शनचा फॉर्म आत्ता भरू नका. नीट ऐका. पूर्ण पेन्शन ५८ ला. त्याच्या आधी घेतली तर जितकी वर्षं आधी तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापतात आणि ते कायमचे कापतात, ५८ झाल्यावर परत वाढवून देत नाहीत. तुम्ही ५४ ला घेतली तर साधारण १५-१६ टक्के गेले. आधीच ती पेन्शन केवढीशी, त्यात अजून कात्री. अगदी चूल पेटत नसेल तरच.

सव्वासातातले पाच पोस्टात मंथली इन्कमला टाका, एकाच्या नावावर ९ लाखांपर्यंत चालतं. ज्येष्ठ नागरिकांची जी बचत योजना आहे ती तुम्हाला अजून बसत नाही, ती साठीनंतर, किंवा रिटायर झालेल्यांना ५५ पासून. आणि दोघांचा मेडिक्लेम नसेल तर दुकानाआधी तो. मेहुण्याला सांगा फ्रँचायझी तू घे.

लालपरी_निवृत्त

हाहा काका, चहावर रागच दिसतोय.

मी एसटीत ड्रायव्हर, ५८ ला सुटलो, आता ६३. बार्शी लाईनवर कैक वर्षं गाडी चालवली, नान्नजजवळ आलं की माळावर काळविटं दिसायची, पण स्टेअरिंग हातात असलेल्या माणसाला बघता येत नाही, मागचे पॅसेंजर बघायचे, मी फक्त त्यांचा आरडाओरडा ऐकायचो. रिटायर झाल्यावर म्हणलं आता आपण बघायचं. दुचाकी काढली अन् गेलो. तिथं कॉलेजची पोरं दुर्बीण घेऊन आलेली, त्यांच्यात घुसलो. पहिले तीन दिवस दुर्बिणीतून मला नुसतं आभाळ दिसलं. शेवटी एका पोरीनं सांगितलं, काका आधी उघड्या डोळ्यानं पक्षी धरा, नजर हलवायची नाही, मग दुर्बीण डोळ्यापाशी आणा. झालं! साध्या गोष्टी असतात पण सांगावं कुणीतरी लागतं.

आता धाविक, माळटिटवी, चंडोल लांबून ओळखतो, थंडीत भोवत्या (शिकारी पक्षी) येतात त्या संध्याकाळी गवतात उतरताना बघायला लोकांना घेऊन जातो. ज्याच्यासाठी नान्नजचं अभयारण्य झालं तो माळढोक आता दिसायची आशा ठेवू नका, मी आलेल्याला आधीच तसं सांगतो म्हणजे नंतर भांडण नको. पैसे किती मिळतात विचाराल तर पेट्रोल निघतं अन् हुरड्याच्या दिवसात थोडं जास्त, म्हणून माझ्याकडून धंद्याचा सल्ला घेऊ नका. घरचे पहिलं वर्षभर म्हणत होते, चिमण्या मोजायला जातो. आता पाहुणे आले की बायकोच सांगते, आमच्या ह्यांना विचारा.

तुमच्या वडिलांचं वाचलं अन् दोन मिनिटं फोन खाली ठेवला. आमचेही तसेच.

मशीनवाला_पोरगा

काका मी २६ चा, माझं मशीन रिपेअरिंगचंच काम हाय, म्हणून लिहलालोय. आमच्याकडं माणूस मिळंना झालाय. पोरं येतात, दोन महिने शिकतात, पुण्याला जातात. युनिफॉर्मचा सीझन मार्च ते जून, तेव्हा एक मशीन अर्धा तास बंद पडलं की कारखानदार फोनवर फोन करतो, अन् मी एकटा किती ठिकाणी जाऊ सांगा.

दुकान बिकान आत्ता टाकू नका ओ, ह्या कामात दुकानात कोण मशीन घेऊन येत नाही, आपणच पिशवी घेऊन जायचं असतंय. तुम्ही जॉबर म्हणजे निम्मं काम तुम्हाला येतंच. मागात धोटा कधी सुटायला पाहिजे अन् फणी कधी ठोकायला पाहिजे हे जसं टायमिंग, तसंच इथं सुई अन् हुकाचं (हुक म्हणजे खाली फिरून सुईचा दोरा पकडतो तो भाग). सुई खाली टेकून जराशी वर उठली, दोन सव्वादोन मिलिमीटर, की हुकाचं टोक सुईच्या भोकाच्या किंचित वर यायला पाहिजे. ते चुकलं की टाका सुटतो. कापडाच्या खालून जाळी झाली तर मात्र हुकाला हात लावायचा नाही, आधी वरचा दोरा नीट ओवलाय का अन् टेन्शन बघायचं. नवीन माणूस इथंच फसतो, पहिलं पान्हा काढतो. सर्वो मोटर, बोर्ड हे नवीन, ते मी दाखवतो, चष्मा लावून बसा फक्त.

पहिले सहा महिने पगार नाही जमणार, पेट्रोल, चहा, अन् स्वतः सोडवलेल्या कामात वाटा. अन् एक अट हाय, मी तुम्हाला अण्णाच म्हणीन पण चूक झाली की चारचौघात बोलीन, मला हळू बोलता येत नाही. चालत असंल तर मेसेज करा.

कडवट_काका

हे बरं आहे. यात बुडायला काही नाही. जा.

चटणीवाली_मावशी

बाळा मोठ्या माणसाला चारचौघात बोलू नये, बाहेर नेऊन बोल.

मशीनवाला_पोरगा

मावशी बघतो. गॅरंटी नाय.

जुना_जॉबर

उशिरा लिहितोय, माफ करा, महिना होत आला. पेन्शनचा फॉर्म भरला नाही. पाच लाख पोस्टात. मेहुणा बोलत नाही सध्या, ते एक बरंच झालं.

मशीनवाल्या पोराकडं जातोय. पहिल्या आठवड्यात लई जड गेलं. २७ वर्षं मी लोकांना ओरडत होतो, आता एक पोरगं माझ्या पोराच्या वयाचं मला म्हणतंय अण्णा पान्हा ठेवा, आधी बघा. दोनदा वाटलं उद्या जायचं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली तुम्ही तरी हेल्परला कुठं गोड बोलत होतात. गप बसलो.

काल त्यानं पहिल्यांदा एकट्याला पाठवलं. मशीन टाका सोडत होतं. मी म्हणलं झालं, हुकाचं टायमिंग, सगळं खोलून बसलो, पाऊण तास. घाम. शेवटी त्या मशीनवर बसणारी बाई, आपल्या पूर्व भागातलीच, ती म्हणाली, अन्ना, सुई उलटी बसलीय का बघा की. सुईची खाच उलट्या बाजूला होती! दहा सेकंदाचं काम. पोरानं संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं, चारचौघात, मावशी. मी पण हसलो, काय करणार.

डबा परत सुरू झालाय, साडेआठला निघतो. आता एक विचारायचं होतं, ओव्हरलॉकमध्ये (कापडाची कड शिवायचं मशीन) खालच्या लूपरचा दोरा सारखा तुटतोय, ओवणी तीनदा तपासली, सुईपण सुलटी आहे (बघितली!). पोरगा उद्यापर्यंत गावाला गेलाय आणि कारखानदार सकाळी नऊला येणार. कुणाला माहीत असेल तर आज रात्रीच सांगा.