आपल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध हॉस्पिटलात ठेवावं लागलं? अनुभव लिहा

माडाखालची
काल रात्री शेजारी १०८ आली. आजोबा दाराची चौकट सोडेनात, "म्हाका खंय व्हरतात?" (मला कुठे नेताय?) एवढंच ओरडत होते. मला नंतर झोप नाही. आमच्या बाबांचं सगळं आठवलं.

बाबा शाळामास्तर, पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झाला. तिन्हीसांज झाली की घरातच बसून "म्हाका घरा वचूंक जाय" (मला घरी जायचंय) सुरू व्हायचं. ते आम्ही सांभाळत होतो. मग एकदा आई त्यांना परकी बाई वाटली आणि कोयता घेऊन अंगावर गेले. हॉस्पिटलात म्हणाले, मला काहीच झालेलं नाही, सही करणार नाही. सही मी केली. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, आणि सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं. तरी पेन हातात घेताना मीच त्यांना पकडून देतेय असं वाटलं. भाऊ दुबईहून म्हणे, घरी ठेवता आलं असतं. त्याचं काय जातंय!

तुम्ही कसं निभावलंत?

केपेंकार
दुबईवाला भाऊ प्रत्येक घरात एक असतोच गो. आमचा लंडनला. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना सल्ले देतो.

धाकटी सून
सासूबाईंचं एका रात्रीत बिघडलं. ओळखेनात, मारायला उठायच्या. सगळे म्हणाले आजार वाढला. निघालं लघवीचं इन्फेक्शन, सोडियमपण उतरलेलं. औषध लागू पडलं तशा पुष्कळ निवळल्या. अचानक बिघडलं तर आधी लघवी-रक्त तपासून घ्या, पोट साफ होतंय का तेही बघा. बाकी मागाहून, कुकर झाला.

पेडण्याचा
आमच्या आजीच्या तोंडी अजून आल्तिनोच, मनोरुग्णांचं हॉस्पिटल आधी पणजीत तिथं होतं ना. हॉस्पिटल बांबोळीला जाऊन जमाना झाला, पण लहानपणी आम्ही मस्ती केली की "आल्तिनोक धाडटां" ठरलेलं. तेच डोक्यात बसलेलं, म्हणून काकाला न्यायला घरचे तयारच होईनात.

कागदवाली
सहीबद्दल. पेशंटच्या वतीने सही करणाऱ्याला कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. आजाराच्या सुरुवातीला, माणसाला कळतंय तोवर, साध्या कागदावर त्याच्याकडूनच प्रतिनिधीचं नाव लिहून सही किंवा अंगठा घ्या. कोर्ट नको, स्टँप पेपर नको. नंतर भावाभावांत भांडण लागत नाही. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर प्रकरण त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जातं. आणि हातपाय बांधले तर प्रतिनिधीला २४ तासांत कळवावंच लागतं. विचारा, भिऊ नका.

माडाखालची
@कागदवाली हे तेव्हा ठाऊक असतं तर! आधीच्या एका ठिकाणी बाबांची मनगटं बांधलेली, आम्हांला कोणी सांगितलं नाही. विचारलं तर "पडतील". पुढच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरने पलंग खाली घेतला, चष्मा आणि कानातलं मशीन मागवून घेतलं. निम्मी आरडाओरड तिथंच थांबली हो. ऐकूच येत नव्हतं त्यांना!

केपेंकार
मशीन आमच्या पप्पांनी पेजेत टाकलं होतं. दोनदा.

वाळपईहून
काकांना नसलेली माणसं दिसायची, हात कापायचे, चाल घसटत. शांत व्हावेत म्हणून इंजेक्शन दिलं तर अंग लाकडागत झालं. नंतर कळलं डिमेन्शियाचा लुई बॉडी प्रकार. त्यात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं सोसत नाहीत. भास आणि कंप दोन्ही असतील तर इमर्जन्सीत पोचल्याबरोबर हेच आधी सांगा, वय-बीपी मागाहून. आम्ही आता चिठ्ठी लिहून पाकिटातच ठेवलीय.

धाकटी सून
आले. भेटायला सकाळी जा, संध्याकाळी नको. निघताना "येतो" म्हणून दारात रेंगाळू नका, त्यांचा जेवणाचा ट्रे आला की सटका. सासूबाई मला शेवटपर्यंत बाजारातली मासेवाली समजायच्या, भाव पाडून मागायच्या. मीपण पाडून द्यायचे.

पेडण्याचा
बांगडे कसे दिलेत?

धाकटी सून
शंभराला दहा. तेही महाग म्हणाल्या.

रात्रपाळी
नुसती वाचतेय. आईला उद्या न्यायचंय. हात थरथरतोय.

माडाखालची
@रात्रपाळी जुनी औषधं पिशवीसकट न्या, वापरातली चादर न्या. आत्ता कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे नाहीत. बाबा घरी आले तेव्हा चाल मंदावली होती, पण आईला "मास्तरीणबाई" म्हणत होते. ती कधी मास्तरीण नव्हती. आम्ही चालवून घेतलं.

डिचोलीकर
विषय थोडा वेगळा. रात्री बसायला विश्वासाची बाई कोणाला माहीत आहे का? पुरुष पेशंट, उचलावं लागतं.

वाळपईहून
उचलायचं असेल तर बाप्या माणूसच बघा. आमच्याकडे यायचा त्याला विचारतो, साखळी गावचा आहे. मेसेज करा.