मदत हवी आहे: नागपूरहून बसनं काठमांडू, चार दिवसांत

मानेवाडा_रिंगरोड
कोणी नागपूरहून बसनं काठमांडूला गेलं आहे का? चार दिवसांची सुट्टी जुळून राहिली आहे. विमान परवडत नाही. माणशी पंधरा हजारांत बसवायचं आहे. बस गणेशपेठच्या एसटी स्टँडहून सुटते की ट्रॅव्हल्सवाल्यांची घ्यावी लागते? व्हिसा लागत नाही हे माहीत आहे, ते सांगू नका. उद्या रजेचा अर्ज टाकायचा आहे, लवकर सांगा.

तर्री_पोहे
भाऊ, कधी चालला? किती जण? पासपोर्ट आहे का? हे नाही सांगितलं तर कोण काय सांगणार बापा.

इतवारी_लाईन
गणेशपेठहून काठमांडूची बस सुटत नाही. यात्रा कंपन्या बस नेतात, पण ती काशी-अयोध्या करत करत दहा-बारा दिवसांची असते. तुझं काम गोरखपूरनं होते. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेस पकड (रोज नसते, वार बघ), गोरखपूरपर्यंत जवळपास एक दिवस. तिथून बसनं सोनौली, साधारण शंभर किलोमीटर. सोनौलीला कमानीखालून पायी पलीकडे गेलं की नेपाळ. मग सीमेजवळच्याच भैरहवाहून काठमांडूची बस, पावणेतीनशे किलोमीटर, रस्ता बरा असला तर नऊ-दहा तास. आता तूच जोड. जाण्यायेण्यातच तीन दिवस गेले.

मानेवाडा_रिंगरोड
म्हणजे चार दिवसांत एकच दिवस काठमांडू? कोणी शॉर्टकट सांगा ना. बनारसहून बस आहे म्हणतात. १५ ऑगस्टला जोडून जायचं आहे.

दिल्लीकर_नागपुरी
बनारस-काठमांडू बस २०१५ मध्ये सुरू झाली होती, तिच्या भरवशावर रजा टाकू नका, आधी तिथल्या आगारात फोन करा. मी तर सांगीन दिल्लीच धरा. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियम टर्मिनलहून काठमांडूची बस २०१४ पासून आहे. एकदा बसलं की थेट काठमांडू, सीमेवर दुसरी बस शोधायची कटकट नाही.

इतवारी_लाईन
थेट आहे, पण दिल्लीहून एक दिवसापेक्षा जास्त त्याच सीटवर. वर नागपूर-दिल्ली वेगळं. चार दिवसवाल्याला हे का सांगून राहिले?

सावजी_रस्सा
१५ ऑगस्ट??? भर पावसात? काठमांडूच्या वाटेवरचा नारायणघाट ते मुगलिंग हा रस्ता त्रिशूली नदीच्या काठानं जातो, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. १२ जुलै २०२४ ला तिथं दरड कोसळून दोन बसा नदीत गेल्या. काठमांडूला जाणाऱ्या बसमध्ये नदी डावीकडे असते. दरड आली की तासन्‌तास गाड्या उभ्या राहतात, सगळे खाली उतरून वर डोंगराकडे बघत असतात. सोबत म्हातारं माणूस असेल तर नकोच.

मानेवाडा_रिंगरोड
आई आहे सोबत. ६८ वर्षांची. तिच्यासाठीच चाललो आहे, पशुपतिनाथ करायचं तिच्या मनात कधीपासून आहे. आणि लहान भाऊ, तो कॉलेजात आहे. पासपोर्ट कोणाकडेच नाही, आधार सगळ्यांकडे आहे.

तर्री_पोहे
हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकायचं होतं ना राजा! आईचं आधारवर होते, ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना फोटो असलेलं आधार चालते. तुला आणि भावाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागेल. भावाचं आहे का?

मानेवाडा_रिंगरोड
त्याचं नाही बनलं अजून. तो १९ चा आहे.

गोंदिया_पॅसेंजर
सोनौलीला पायी जाणाऱ्याला फारसं कोणी विचारत नाही. हजारो लोक रोज ये-जा करतात. उगाच घाबरवू नका.

तर्री_पोहे
विचारत नाही म्हणून चालते असं नाही होत. पलीकडे काही झालं, हॉस्पिटल, पोलीस, तर हातात काय दाखवणार? आणि परत येताना विमान धरायची वेळ आली तर विमानतळावर आधार पाहून परत पाठवतील. १९ वर्षांचा आहे तर आजच ऑनलाइन फॉर्म ६ (नवीन मतदार नोंदणीचा) भर.

वर्धा_रोडचा_ड्रायव्हर
स्वतःची गाडी घेऊन जा. सीमेवर भन्सार (नेपाळच्या कस्टमची पावती) फाडायचा, दिवसाप्रमाणे पैसे लागतात. आरसी आणि लायसन ओरिजिनल ठेवा. नागपूर-जबलपूर-रिवा-प्रयागराज रस्ता एकदम मस्त आहे आता.

इतवारी_लाईन
गाडीचं कोणी विचारलं नाही भाऊ.

धरमपेठची_मावशी
बाळा, आईचे गुडघे कसे आहेत ते सांग आधी. रात्रीच्या बसमध्ये पाय सुजतात. आम्ही दिवसाच्या बसनं गेलो होतो. मायक्रोबस लवकर पोचते पण बसायला चेपून जागा, म्हाताऱ्या माणसाला मोठी बसच बरी. आणि श्रावणात पशुपतिनाथला सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. जेवणाची काळजी नको, डाळभात मागाल तितका वाढतात.

सावजी_रस्सा
मावशी, डाळभातासोबत अचार मागायचा विसरू नका म्हणावं. मोमो मात्र मला काही जमले नाहीत, आपल्याला तिखट लागते.

तर्री_पोहे
पैशांचं लक्षात ठेव. शंभर भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. तिकडे भाव सांगताना "आयसी की एनसी" विचारूनच घे, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. शंभरच्या नोटा सोबत ठेव. बसची वेळ नेपाळच्या घड्याळाची असते, आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

कामठी_रोड
ऑगस्टमध्येच जायचं असेल तर लुंबिनी करा. भैरहवाहून वीस-बावीस किलोमीटर, सगळा सपाट तराईचा भाग, दरडीचा प्रश्नच नाही. मायादेवी मंदिर आणि अशोकाचा स्तंभ बघा. नागपूरहून दरवर्षी किती लोक जातात. चार दिवसांत आरामात बसते, परदेशही होते.

मानेवाडा_रिंगरोड
लुंबिनीही बघायची आहे, पण आईला पशुपतिनाथच पाहिजे. मग दिवाळीआधी, दसऱ्याला जाऊ का? पाऊस संपलेला असेल.

इतवारी_लाईन
दसऱ्याला तिकडे दशैंचा सण असतो, अख्खं काठमांडू गावाकडे निघते. बसा खच्चून भरलेल्या. आणि इकडे दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे आपल्या गाड्याही फुल्ल. दिवाळीत त्यांची तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी. ती उरकली की नोव्हेंबरच्या मध्यात जा. आकाश मोकळं असते, डोंगर दिसतात. सहा दिवस घे, चार नाही. एक रात्र भैरहवाला थांब, सकाळची बस धर, आईला बरं पडेल.

मानेवाडा_रिंगरोड
ठीक आहे. ऑगस्टचा अर्ज टाकत नाही. भावाचा फॉर्म ६ आत्ताच भरायला बसलो. गोरखपूरचं तिकीट किती दिवस आधी काढता येते?

कामठी_रोड
साठ दिवस आधी. सकाळी ८ ला बुकिंग उघडते, आईसाठी ज्येष्ठ नागरिक कोट्यातून खालची बर्थ माग. आणि येताना एक दिवस लुंबिनीला द्याच.