मल्टिमीटर म्हणतो ०.८ ओहम, हिशोब म्हणतो ६.८५. खरं कोण?

अर्धा_फ्यूज:
दोन दिवस डोकं खातोय हा बल्ब. गाडीच्या इंडिकेटरचा, फिलामेंटवाला, १२ व्होल्ट २१ वॉट. पेटता असताना त्याच्या दोन टोकांवर १२.२ व्होल्ट मिळाले, करंट १.७८ अँपिअर. गुणाकार २१.७ वॉट, म्हणजे छापलंय तेवढंच. इथवर झकास. मग व्होल्टेज भागिले करंट केलं, रोध आला ६.८५ ओहम. म्हटलं ताळा करून बघू. बल्ब सोडवला, मीटर ओहमवर टाकला, तर ०.८! तीनदा मोजलं, मीटरचा सेलही बदलला. हे ०.८ धरून व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध केलं तर १८६ वॉट येतात. बोटाच्या पेराएवढ्या बल्बात? चूक माझी, मीटरची की ओहमच्या नियमाची?

शून्य_ओहम:
नियमाला हात लावू नका. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, काय दाखवतो ते सांगा.

अर्धा_फ्यूज:
०.३ दाखवतो. म्हणजे वायरींचा रोध वजा जाता बल्ब ०.५. पण हे तर आणखी बिघडलं, आता जवळजवळ ३०० वॉट!

जुनी_वाइंडिंग:
काही बिघडलेलं नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. मीटर ओहम मोजताना इतका थोडा करंट सोडतो की फिलामेंट थंडच राहते. पेटलेली फिलामेंट मात्र दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर असते आणि टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तुमच्याकडे तो जवळजवळ १४ पट झालाय. पेटत्या बल्बची पॉवर काढायची तर पेटता असतानाचाच रोध घ्यायला हवा.

आणि तुमचे ते ३०० वॉट अगदीच खोटे नाहीत बरं का. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी थंड बल्ब खरंच असा अधाशासारखा करंट ओढतो. वायरी आणि बॅटरी त्याला थोडा आवर घालतात, एवढंच. मग फिलामेंट तापते आणि करंट खाली येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जातात, ते आता कळलं असेल.

एक करा. ६ व्होल्टवर मोजा, पण करंट किती येईल ते आधी कागदावर लिहून ठेवा. आणि करंट मोजून झाला की लाल पिन मूळ भोकात परत घाला. मी हे विसरून तशीच पिन बॅटरीवर टेकवली आहे. तुमचं नाव मला शोभलं असतं.

अर्धा_फ्यूज:
मोजलं. अर्धं व्होल्टेज म्हणून अर्धा करंट, ०.८९ लिहिला होता. आला १.२! म्हणजे ५ ओहम, ७.२ वॉट. १ व्होल्टवर बल्ब पेटलाच नाही, तरी ०.४७ अँपिअर घेत होता, म्हणजे २.१ ओहम. रोध पायरीपायरीने चढतोय हे स्वतः मोजून बघितल्यावर पटलं.

मग हट्टाने १० ओहमचा तारेचा रेझिस्टर घेतला. थंड मोजला तर १०.१, जोडल्यावर १२.२ व्होल्टला १.२१ अँपिअर. भागाकार पुन्हा १०.१. नियम सरळ पाळणारं कुणीतरी भेटलं म्हणून इतका खूश झालो की गुणाकार करायचाच राहिला. तो १४.८ वॉट येतो. रेझिस्टरवर ५ वॉट लिहिलंय. खिडक्या उघडून बसलोय.