आईला झोका स्वतःच्या हाताने देता यावा, थांबवता यावा – काय करता येईल?

डिचोलीची_लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सुतारकाम जाणणारे, घरी आजारी माणूस सांभाळलेले, कुणीही उत्तर द्या. पण विचार करून द्या, एवढीच विनंती.

आई ७४ वर्षांची. सात महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात जवळजवळ निकामी आहे, डावा पाय ओढत चालते. काठी आणि कुणाचा तरी आधार असला की खोलीतून पडवीपर्यंत येते. उजवी बाजू शाबूत आहे, बोलणं स्पष्ट आहे, स्मरणही पक्कं आहे.

गोव्यातल्या मयेच्या आमच्या घरात पडवीच्या टोकाला झोपाळा आहे. फणसाची एकसंध फळी, ५ फूट लांब, पितळी कड्या साधारण ७ फुटांच्या. अंगणाकडे तोंड करून बसलं की उजवीकडे दीड फुटावर भिंत. तांदूळ निवडणं, आमच्याकडून पाढे म्हणवून घेणं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीत, कुठे काय बांधायचं ते सांगणं, सगळं तिने ह्या झोपाळ्यावर बसूनच केलं. पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा द्यायची आणि टाचेने थांबवायची. त्याकडे आमचं कधी लक्षही गेलं नव्हतं.

आता माझा आठ वर्षांचा मुलगा तिला झोका देतो. फार प्रेमाने देतो. पण गेल्या रविवारी मी समोर भाजी चिरत बसले होते आणि तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कडी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तोंडाने हळू म्हणत होती, "राव रे, राव." म्हणजे थांब रे, थांब. नातवाचं मन मोडू नये म्हणून मोठ्याने बोलत नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पणजीतून एक झुलती खुर्ची आणली. बैठक १८ इंच उंच, आईची उंची ४ फूट १०. पाय लोंबकळत राहिले. चांगल्या पायाने रेटा दिला की लादीवर खुर्ची तिरकी फिरायची, आणि उठताना पुढे कलंडली. मी बाजूला होते म्हणून निभावलं. ती परत केली. मग दुसऱ्या दुकानात टांगलेल्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकणारी खुर्ची पाहिली, तिचा बैठा सांगाडा जागचा हलत नाही. आई दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, हा झोका धसमुसळा आहे.

झोका सुरू करणं, कमी करणं, थांबवणं हे तिन्ही तिला एका उजव्या हाताने जमेल असं काय बनवून घ्यावं? चवथीच्या आधी व्हावं अशी फार इच्छा आहे.

काजूबागायतदार

हल्ली मोटरवर झुलणाऱ्या खुर्च्या मिळतात, रिमोट हातात. ते बघितलंत का?

डिचोलीची_लेक

बघितलं. आई म्हणाली, "ते मला झुलवणार, मी नाही झुलणार." आणि आमच्याकडे पावसात वीज जाते ती तासन्‌तास येत नाही.

रंधा (सावईवेरे)

ताई, मी चाळीस वर्षं सुतारकाम करतो. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईच्या हाताचं जे लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. ती कडी धरते, पण कडी तिच्याबरोबरच हलते. जे आपल्याबरोबर हलतं त्याला धरून आपण नुसते चिकटून राहतो, झोका आवरत नाही. आवरायचा तर हात न हलणाऱ्या वस्तूवर पोचायला हवा. पूर्वी तिची न हलणारी वस्तू जमीन होती. आता पाय ते काम करत नाही, तर जमीन तिच्या हाताजवळ आणून द्या.

आधी खुर्चीचं सांगतो, कारण इतरांनाही उपयोगी पडेल. पायांखालच्या कमानी मी ४२ इंचांची दोरी कंपासासारखी फिरवून आखतो. दोरी लांब घेतली की कमान सपाट होते आणि झोका आखूड, झटपट. दोरी आखूड केली की झोका मऊ आणि लांब, पण मागे उलटायची भीती. आणि एक गोष्ट गिऱ्हाइकं मागाहून बिघडवतात, जाड उशी टाकून. माणूस दोन इंच वर बसला की तीच खुर्ची जास्त डुलते, सावरायला वेळ घेते. म्हणून उशी आधी ठरवायची, मग कमान. बैठकीची पुढची कड बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या उंचीपेक्षा वर नको. तुमच्या आईला १४ ते साडेचौदा इंच पुरे, १८ म्हणजे फारच. लादीवर खुर्ची फिरू नये म्हणून कमानीखाली सायकलच्या ट्यूबचं रबर लावतात. पण एकाच पायाने रेटा दिला तर रबर लावूनही ती थोडी फिरणारच. तुम्ही ती खुर्ची परत केलीत ते बरं केलंत.

दुसरी, पट्ट्यांची. त्या खुर्चीचे हात बैठकीबरोबर न हलवता खालच्या सांगाड्याला जोडले तर उजव्या हाताने रेटता-रोखता येतं. मी तशी एक केली आहे, पट्ट्यांना पंख्यात असते ती ६२०२ नंबरची बेअरिंग आणि एका बाजूला चामड्याचे वायसर घालून. विंग नट आवळला की झोका जड होतो, सैल केला की हलका.

पण तुमच्याकडे झोपाळा आहे आणि उजवीकडे भिंत आहे. मी असतो तर खुर्ची केलीच नसती. भिंतीला एक कठडा लावा, झोका जातो त्याच दिशेने, ४ फूट लांब. बसल्यावर तिचं कोपर जिथे येतं त्या उंचीवर, फळीच्या कडेपासून निदान ६ इंच मोकळे सोडून. फणसाचा किंवा सागाचा, मुठीत येईल असा अंडाकृती, दीड इंचाचा. स्टीलचा पाइप नको, घामाने निसटतो. व्हार्निशही नको, जवसाचं तेल द्या. तिने हात कठड्यावर नुसता सरकू दिला की झोका चालतो, मूठ हलकी दाबली की मंदावतो, पकडली की थांबतो. मागे-पुढे रेटलं की सुरू.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल. चिरा भुसभुशीत, साध्या प्लगवर भरवसा ठेवू नका. आरपार बोल्ट घ्या आणि बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी द्या. आई त्या कठड्यावर भार टाकूनच उठणार आहे, हे धरून चाला. आणि वरचे आकडे, तुळई, कड्यांचे झिजलेले दुवे आधी तपासून घ्या.

लंबक (फोंडा)

रंधा मेस्तकाकांचं (मेस्त म्हणजे सुतार) पटलं. मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवत होतो, म्हणून थोडी भर.

आईंना ती खुर्ची धसमुसळी का वाटली? झोक्याचा वेळ टांगणीच्या लांबीवर ठरतो. ७ फुटांच्या कड्यांचा झोपाळा एक पूर्ण हेलकावा सुमारे २.९ सेकंदांत घेतो. ९ इंची पट्ट्यांवरची सपाट सरकणारी बैठक जेमतेम १ सेकंदात. मेस्तकाकांनी पट्ट्या १६ इंची केल्या तरी तो सव्वा सेकंदाच्या आसपासच राहील. आयुष्यभराची लय तिप्पट वेगाने आली तर अंग ती नाकारणारच. म्हणून झोपाळाच ठेवा.

जोर किती लागेल ह्याची काळजी नको. आई आणि फळी मिळून ७५ किलो धरले, तर झोपाळा १५ सेंटीमीटर ओढून धरून ठेवायला साधारण ५ किलोचा जोर लागतो. पण झोका पुढे निघताना दर वेळी १ किलोची ओढ दिली, तर चार-पाच ओढींत तो वीतभर जाऊ लागतो. थांबवतानाही तसंच, फक्त उलट वेळी.

एक धोका आहे. ती फळीच्या मधोमध बसून उजव्या टोकाला रेटू लागली तर फळी पिळवटेल. तिला उजव्या टोकाशी बसवा. वजन हाताजवळ आलं की पीळ कमी होतो.

नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक ह्यांच्या काही खुर्च्यांत बसणारा नुसतं अंग कलतं करून एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जातो, कशालाही धरावं लागत नाही. सुंदर विचार आहे, पण त्याला धडावर ताबा लागतो. अर्धांगात नेमका तोच कमी झालेला असतो, म्हणून इथे हातच बरा.

फिजिओताई_म्हापसा

ताई, तुमच्या आईला तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्या थेरपिस्टना हे दाखवूनच करा. तरी चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बसताना आणि उठताना फळी अजिबात हलता कामा नये. भिंतीत एक आकडा आणि फळीला कडी, तिच्या उजव्या हाताला सापडेल अशा जागी. पाय टेकले, अंग पुढे झुकलं, मग उठायचं. तोवर आकडा अडकलेलाच हवा.

डावी बाजू उघडी राहील, तिथे जड लोड ठेवा आणि डावा हात त्यावर टेकवा. तो लोंबकळत राहिला तर खांदा दुखावतो. अशा हाताला कधी कधी स्पर्शही नीट कळत नाही. पट्ट्यांच्या खुर्चीत बोट चेमटलं तरी तिला समजणार नाही, म्हणून मला ती खुर्ची मुळीच नको वाटते.

डावा पाय झोक्याबरोबर फळीखाली ओढला जाऊन मुडपू शकतो. त्या पायापुरती लहान फळी टांगा, बिजागरीवर दुमडणारी, म्हणजे उठताना आड येणार नाही.

आणि कठड्याऐवजी दोरी बांधायचं कुणी सुचवलं, तर मनगटाला वेढा घालू देऊ नका.

डिचोलीची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आईच्या थेरपिस्ट बाईंनी घरी येऊन मापं पाहिली. आमच्या गावच्या मेस्ताने कठडा सागाचा केला, बोल्ट आरपार घेतले. एक कडी झिजून अर्धी झाली होती ती बदलली. मेस्तकाका, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही वर बघितलंच नसतं. कड्या वाढवून फळी साडेचौदा इंचांवर आणली. पहिल्यांदा कठडा फार उंच लागला, तिचा खांदा वर उचलला जात होता. दोन इंच खाली घेतला. मुलाच्या झोक्याला आवर म्हणून फळीच्या मागून भिंतीला एक सुती दोर बांधला, वीतभर पुढे गेलं की तो ताणतो. हे आईनेच सुचवलं.

पहिल्या दिवशी ती आकडा काढायलाच तयार नव्हती. पंधरा मिनिटं कठड्यावर हात ठेवून नुसती बसली. मग स्वतः आकडा काढला, एकदा ओढलं, लगेच मूठ आवळून थांबवलं. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबवलं. असं सात-आठ वेळा. झोका घेत नव्हतीच, थांबतोय का तेच बघत होती. खात्री पटल्यावर मग जाऊ दिला.

मुलगा सवयीने मागे जाऊन उभा राहिला, तर म्हणाली, "तू पुढे ये, माझ्याकडे बस." आता दोघं बसतात. तो लोडाच्या पलीकडे, डाव्या टोकाला. लंबकसर, तो २४ किलोचा आहे, फळी पिळवटत नाही ना ह्यावर मी लक्ष ठेवून आहे. अजून तरी नाही.

एक विचारायचं राहिलं. पावसात कठडा दमट होतो आणि तेलाचा हात चिकट लागतो असं ती म्हणते. तेल पुसून नुसतं लाकूड ठेवलं तर चालेल का, की बुरशी धरेल?

रंधा (सावईवेरे)

तेल जास्त झालंय. सुक्या फडक्याने घासून काढा, दोन दिवस वारा लागू द्या. मग महिन्यातून एकदा, फडक्याला जेमतेम लागेल इतकंच. सागाला बुरशी आली तरी वरवरची, पुसली की जाते. हाताच्या रोजच्या वावराने तो कठडा आपोआप गुळगुळीत होत जाईल. फार निसरडा वाटला तर मुठीच्या जागी बारीक पॉलिश पेपर मारा, आडवा.