मदत हवी आहे: सिव्हिलायझेशन ६ मध्ये जिंकलेली शहरं हातात टिकत नाहीत

गोदाकाठ:

मंडळी, आधी प्रश्न मांडते, मग तपशील. सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरच्या, शहरं वसवण्याच्या आणि जग जिंकण्याच्या खेळात वसवण्याचा भाग मला आणि माझ्या भाच्याला मनापासून आवडतो. जग जिंकायला निघालो की मात्र दर वेळी एकाच जागी अडतो. शेजाऱ्याचं शहर घेतो, काही टर्नमध्ये (खेळीच्या फेऱ्यांत) त्याची लॉयल्टी, म्हणजे आपल्यावरची निष्ठा, शून्यावर येते, ते बंड करून स्वतंत्र होतं. परत घ्यावं तर तेवढ्यात दुसरं जातं. यावर उपाय काय? आणि पुढचा प्रश्न, जो मला जास्त सतावतो: हा खेळ मुळात वसवण्यासाठीच चांगला आहे आणि जिंकण्याच्या बाबतीत कच्चा आहे, हे माझं मत बरोबर आहे का?

आमच्याकडे राइज अँड फॉल आणि गॅदरिंग स्टॉर्म ही दोन्ही विस्तारं आहेत. भाचा नेता म्हणून चंद्रगुप्त मौर्य घेतो. अवघडपणाची पातळी प्रिन्स किंवा किंग, म्हणजे मधली, नकाशा स्टँडर्ड आकाराचा, म्हणजे एकूण आठ प्रतिस्पर्धी धरून खेळ. लॅपटॉप जुना आहे, शेवटच्या युगांत एकेक टर्न संपायला फार वेळ लागतो.

या खेळाचं मोठेपण मला कुठे दिसतं तेही सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना माझा रोख कळेल. माझं काम लेआउट काढण्याचं आहे, नकाशे रोज हाताखालून जातात. डिस्ट्रिक्टची, म्हणजे शहराचे वेगवेगळ्या कामांचे विभाग नकाशावर वेगळे मांडायची, जी कल्पना सहाव्या भागात आली ती मला अजोड वाटते. पूर्वी सगळं एकाच शहराच्या चौकोनात कोंबलेलं असायचं. आता विद्यापीठाचा परिसर डोंगराला लागून ठेवायचा, बाजारपेठ नदीकाठी, आणि कारखान्यांचा भाग असा की धरण आणि कालवा दोन्ही त्याला खेटून येतील. जागा मर्यादित. लोकसंख्या एक असताना एक डिस्ट्रिक्ट, मग चारला दुसरा, सातला तिसरा. त्यामुळे पहिल्या टर्नला जमीन वाचावी लागते. आपल्या नाशकाचं बघा: वर गंगापूर धरण, खाली नदीला लागून सराफ बाजार आणि जुनी पेठ, मोकळ्या माळावर सातपूर-अंबडची कारखानदारी. भाच्याने एकदा नदीच्या पूरमैदानात अशीच मांडणी केली तेव्हा मला फार आनंद झाला. खेळातलं गणित त्याला जमिनीवरून कळलं होतं.

गॅदरिंग स्टॉर्मचे पूरही तसेच. पूर आला की शेतं, इमारती मोडतात, पण गाळ बसून टाइलचं (नकाशावरच्या घराचं) उत्पन्न वाढतंही. धरण बांधलं की नुकसान टळतं. २०१६ आणि २०१९ चा पूर ज्यांनी रामकुंडावर पाहिलाय, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून अंदाज बांधलाय, त्यांना नदीकाठी वसण्यातला हा लाभ आणि धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी, जमीन आणि वस्ती यांचं नातं इतक्या नीट दाखवणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

आता दुसरी बाजू. युद्ध सुरू झालं की हाच खेळ पातळ होतो. एका टाइलवर एकच लढाऊ तुकडी हा नियम पाचव्या भागापासून, म्हणजे २०१० पासून आहे. माणसाला तो आवडतो, कारण खिंड अडवता येते, धनुर्धर मागे ठेवता येतात. पण संगणकाला तो झेपत नाही. त्याच्या तुकड्या एकमेकींच्या वाटेत येतात, तटबंदीसमोर येऊन परत फिरतात. पातळी वाढवली तरी तो हुशार होत नाही, त्याला नुसते आयते फायदे मिळतात. सगळ्यात वरच्या डेइटी पातळीवर तो तीन सेटलर (नवी शहरं वसवणाऱ्या तुकड्या) घेऊन सुरुवात करतो आणि प्रत्येक लढाईत त्याला ताकदीचे जास्तीचे ४ गुण असतात. याला अवघड म्हणायचं का? मला तरी पटत नाही.

आणि जिंकल्यावर काय, हा माझा खरा मुद्दा. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेश कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा पाडाव केल्यावर त्याने, पूर्वी नहपानाच्या जावयाकडे, उषवदाताकडे, असलेली २०० निवर्तनं (जमीन मोजण्याचं जुनं माप) जमीन याच डोंगरावरच्या भिक्षूंना दिली. त्या उषवदाताने आधी याच डोंगरात भिक्षूंसाठी लेणं करवलं होतं. म्हणजे राजा बदलला, पण संघाचा आश्रय चालू राहिला. इथून जवळच जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. जिंकलेला मुलूख आपला करणं म्हणजे हे सगळं: जमीन, दान, नाणं, अधिकारी. भाच्याला लेणी दाखवायला नेलं होतं, तेव्हा त्याने विचारलं, "मावशी, मग गेममध्ये असं काही का करता येत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. "सोपी पातळी घ्या" एवढंच सांगू नये ही विनंती. आम्हाला खेळ सोपा करायचा नाही, समजून घ्यायचा आहे.

बुरुज:

ताई, लॉयल्टीचं गणित आधी उलगडतो. प्रत्येक शहरातली माणसं नऊ टाइलपर्यंतच्या शहरांवर दाब टाकतात आणि अंतर वाढेल तसा तो कमी होतो. तुम्ही शत्रूच्या मुलखातलं एकटं शहर उचललंत तर चहूबाजूंनी त्याचीच माणसं दाबत असतात, आणि घेताना त्या शहराची लोकसंख्याही घटलेली असते. ते पडणारच. सीमेवरचं छोटं शहर आधी घेणं हाच घोळ आहे, बहुतेक सगळे तेच करतात. आधी त्यांचं सगळ्यात मोठं शहर पाडा. दाबाचं मूळ तिथे असतं. मग लगेच शेजारची दोन-तीन. एका दमात पुंजका घेतलात की ती शहरं एकमेकांना धरून ठेवतात.

युगाचाही हिशेब ठेवा. सुवर्णयुगात तुमच्या माणसांचा दाब दीडपट होतो, अंधारयुगात निम्मा. शत्रू अंधारयुगात आणि तुम्ही सुवर्णयुगात असताना केलेली स्वारी आणि याच्या उलट केलेली स्वारी, हे दोन वेगळे खेळ आहेत.

भाच्याला चंद्रगुप्ताबद्दल सांगा: 'विस्ताराचं युद्ध' हा युद्धाचा प्रकार निवडून पुकारलं की पहिल्या १० टर्नमध्ये सैन्याला २ जास्तीची चाल आणि लढाईचे ५ गुण मिळतात. नंतर काही नाही. वरू, म्हणजे भारताची खास हत्तींची तुकडी, मैदानात जबरदस्त, शेजारच्या शत्रूचे ५ गुण खातो, पण तट पाडायला निरुपयोगी. म्हणून युद्ध पुकारण्याआधीच बॅटरिंग रॅम आणि कॅटापल्ट ही तट फोडायची साधनं सीमेवर आणून उभे करायचे. नाहीतर दहा टर्न नुसते चालण्यात जातात. आणि शहराभोवतीच्या सहाही टाइल तुमच्या तुकड्यांच्या नियंत्रणात आल्या तर ते वेढ्यात धरलं जातं, त्याची जखम भरत नाही. बरेच जण हे वापरतच नाहीत.

संथ चाल:

बुरुज यांनी लष्करी बाजू सांगितली, मी कारभाराची सांगतो. गव्हर्नर (शहर सांभाळणारा अधिकारी) बसवला की त्या शहराला दर टर्नला लॉयल्टीचे ८ गुण मिळतात. बाकीच्या गव्हर्नरांना रुजू व्हायला पाच टर्न लागतात, व्हिक्टर नावाच्या गव्हर्नरला तीन. स्वारीवर तोच न्यायचा. लिमिटानेई हे धोरणाचं कार्ड लावून प्रत्येक घेतलेल्या शहरात एक तुकडी ठेवली की आणखी २ गुण. स्मारक बांधा किंवा सरळ विकत घ्या, त्याचाही फायदा होतो. तुम्ही स्थापन केलेला धर्म तिथे बहुसंख्य असेल तरी लॉयल्टी वाढते, त्यामुळे सैन्याच्या आधी मिशनरी पाठवणं हे वेळखाऊ असलं तरी वाया जात नाही. पांडवलेण्यांतला संघ तुम्ही म्हणता तसा खेळात नाही, पण त्याच्या सगळ्यात जवळचं हेच आहे.

तुमच्या मताशी मी सहमत आहे आणि नाहीही. लॉयल्टी आल्यापासून जिंकणं कंटाळवाणं झालं असं अनेक जण म्हणतात. मला उलट वाटतं. पूर्वी एकदा सैन्य भारी झालं की पुढचे दोनशे टर्न नुसतं पुसत जायचं. आता निदान थांबून विचार करावा लागतो. कच्चेपणा आहे तो डावाच्या शेवटच्या तृतीयांशात, जेव्हा निकाल कळलेला असतो आणि तरी चाळीस शहरांना काम सांगत बसावं लागतं. यावर खेळाने उपाय शोधलेला नाही. उत्पादनाची रांग लावायची सोय २०१९ मध्ये आली, तिने थोडा भार हलका झाला इतकंच.

पाटाचं पाणी:

एक गोष्ट कुणी बोललं नाही. डॉमिनेशनने, म्हणजे युद्धाच्या वाटेने, जिंकायला सगळं जग घ्यावंच लागत नाही. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी तुमच्या ताब्यात हवी, बस. शेवटची राजधानी पडली त्या क्षणी खेळ संपतो, मग मागची लहान शहरं बंड करोत नाहीतर न करोत. दूरच्या खंडावर पुंजका धरून ठेवायच्या नादाला लागू नका, राजधानी तेवढी गव्हर्नर आणि तुकडी देऊन टिकवा.

लॅपटॉपसाठी: नकाशा स्मॉल घ्या, सहा जण असतात. वेग ऑनलाइन ठेवा, टर्न जवळजवळ निम्मे होतात. क्विक मूव्हमेंट आणि क्विक कॉम्बॅट (हालचाल आणि लढाई झटपट दाखवणाऱ्या सोयी) चालू करा. शेवटी फारच जड झालं तर स्ट्रॅटेजिक व्ह्यूवर जा, सपाट नकाशा दिसतो, पण डिस्ट्रिक्ट मांडायला तोच जास्त स्पष्ट आहे. तुमच्या कामाच्या माणसाला आवडेल.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मोठं शहर आधी घ्यायचं, हे वाचल्याबरोबर मागचे सगळे डाव डोळ्यांसमोर आले, भाचा तर उडालाच. संथ चाल, तुमचं म्हणणं पटलं की लॉयल्टीमुळे विचार करावा लागतो. तरी माझी तक्रार थोडी शिल्लक आहे. सगळं शेवटी गुणांच्या बेरीज-वजाबाकीवर येतं. त्या शहरातल्या लोकांना मी काय दिलं, त्यांची कोणती जुनी गोष्ट जपली, याचा खेळाला पत्ता नसतो. वसवताना जी बारकाई आहे तिचा चौथा हिस्सा जरी इथे असता तर हा खेळ पूर्ण झाला असता.

दोन उपप्रश्न. जिंकलेली शहरं टिकवायला चंद्रगुप्तापेक्षा बरा नेता कोण? आणि सातवा भाग घ्यावा का? त्यात हे सुधारलंय असं भाच्याचं म्हणणं आहे.

बुरुज:

पहिल्याचं उत्तर: पर्शियाचा सायरस. त्याने घेतलेल्या शहरांच्या उत्पन्नाला कात्री लागत नाही, आणि तिथे तुकडी ठेवली की दर टर्नला लॉयल्टीचे ५ गुण जादा. अचानक युद्ध पुकारलं तर सैन्याला जादा चालही मिळते. तुम्हाला हवी असलेली बाजू, म्हणजे जिंकल्यानंतरचा कारभार, त्याच्यात सगळ्यात जास्त आहे. लढाई न करता शहरं ओढायची असतील तर एलेनॉर ही नेता बघा. तिच्या दाबाने पडलेलं शहर स्वतंत्र न होता थेट तिच्याकडे येतं. पण ती संयमाची वाट आहे, भाच्याचा पिंड तो दिसत नाही.

संथ चाल:

सातव्याबद्दल. तो फेब्रुवारी २०२५ ला आला. तीन युगं आहेत, आणि आला तेव्हाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक युग बदलताना तुमची संस्कृती बदलते, नेता तोच राहतो. अशोक आहे, मौर्य आणि चोळही आहेत. लॉयल्टी काढून टाकली आहे. त्याऐवजी वस्त्यांची एक मर्यादा असते, ती ओलांडलीत की सगळीकडचं समाधान घसरतं. सेनापतीच्या हाताखाली अनेक तुकड्या एकत्र बांधून नेता येतात, त्यामुळे सैन्य हलवण्याची कटकट खरंच कमी झाली. पण युग बदललं की चालू युद्धं तिथेच थांबतात, निम्मी मांडणी पुसल्यासारखी वाटते. खेळणाऱ्यांची बरीच नाराजी युग बदलण्यावर होती. ताई, तुमचा जीव शहराच्या मांडणीत आहे आणि लॅपटॉप जुना आहे, तर मी आत्ता घ्या म्हणणार नाही. सहाव्यात अजून तुम्हाला बरंच सापडेल.

गोदाकाठ:

ठरलं मग. या शनिवारी सायरस, स्मॉल नकाशा, पातळी किंग. भाचा सैन्य बघेल, शहरं आणि कारभार माझ्याकडे. एवढंच सांगा, व्हिक्टरला पहिली बढती कोणती द्यावी?

संथ चाल:

गॅरिसन कमांडर. तो जिथे बसेल तिथून नऊ टाइलच्या आत तुमची जी बाकीची शहरं असतील त्यांना दर टर्नला लॉयल्टीचे ४ गुण मिळतात. त्याला पुंजक्याच्या मधल्या शहरात बसवा, कडेच्या नाही. डाव कुठवर गेला ते इथेच लिहा.