वरातीतली सोडून दिलेली घोडी अंगाला हात लावू देत नाही – सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही वाईजवळ राहतो. सव्वा महिन्यापूर्वी एक पांढरी घोडी घरी आणली, साधारण आठ-नऊ वर्षांची. वरातीत नाचवायचे तिला. गुडघ्याला मार बसून लंगडायला लागली तशी मालकाने माळावर सोडून दिली. आणली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. आता जरा अंग धरलंय, पण माणूस जवळ गेला की कोपऱ्यात तोंड घालून पुठ्ठा आपल्याकडे करते. तोंडाला बांधायची म्होरकी नुसती हातात दिसली तरी मागच्या पायांवर उभी राहते. गेल्या आठवड्यात ह्यांच्या मांडीवर लाथ बसली, हाड थोडक्यात वाचलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरट, निबर झालेले व्रण आहेत.

गावातले एक काका म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा, अगाडी-पिछाडी म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर आवळा, सरळ येईल. मन धजत नाही. मला तिच्याकडून काम नकोय. खरारा करू द्यावा, खूर बघू द्यावेत, एवढंच. जाणकारांनी मार्ग सांगा.

डोंगरवाट
ताई, उपाशी अजिबात ठेवू नका. आमच्या घरात माथेरानला तीन पिढ्या घोडी आहेत. तिथे गाड्यांना बंदी, त्यामुळे घोडं हेच घरचं कमावतं माणूस. तेव्हा अनुभवाने सांगतो: आधी तिला दुखतंय काय ते शोधा. ओठांचे व्रण बहुतेक काटेरी लगामाचे. १९६५ च्या नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी वापरतात. आणि ती म्होरकीला भिते म्हणजे तोंडात अजूनही दुखत असेल. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. झीज सारखी झाली नाही की कडा धारदार होतात आणि गाल आतून कापतात. डॉक्टर हलकं गुंगीचं औषध देऊन कानशीने त्या घासतात. त्याच गुंगीत खूरही एकदा कापून घ्या, म्हणजे पुढे घाई राहणार नाही.

मग तुमचं काम. घमेल्यात चारा ठेवायचा आणि तिच्या जागेबाहेर तिरकं बसायचं, डोळ्याला डोळा न देता. काही बोलायचं नाही, बोलवायचं नाही. तिने एक कान तुमच्याकडे वळवला की उठायचं आणि चालू पडायचं. आपण जातो हे तिला कळलं पाहिजे. आजवर कुणी तिच्यापासून आपणहून लांब गेलेलंच नसणार.

आत जायची वेळ आली की खांद्याच्या बाजूने जा. कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं तिला दिसत नाही. पहिला हात तोंडाला नाही, खांद्याला. आणि हात काढायचा तो ती स्थिर उभी असताना. ती बुजली आणि तुम्ही हात मागे घेतलात, तर बुजल्यावर सुटका होते एवढंच ती शिकेल. आयाळ जिथे संपते तिथे बोटांनी खाजवा. घोडी एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. मान खाली गेली, ओठ चाटले, फुरफुर केलं, की त्या दिवसापुरतं बास.

आजोबांनी एका चावऱ्या घोड्याजवळ असे तेवीस दिवस काढले होते. चोविसाव्या दिवशी त्याने त्यांच्या टोपीचा वास घेतला.

तापीतीर
पिछाडीला सरसकट वाईट म्हणू नये. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला मी बघतो, शेकडो घोडी पिछाडीवर शांत उभी असतात.

डोंगरवाट
दादा, ती लहानपणापासून सवयीची असतात. ही घाबरलेली आहे. ताणेल, दोर काचेल, आणि पायाला हात लावणं कायमचं अवघड होईल.

तापीतीर
ते मान्य. हिच्या बाबतीत नकोच.

पशुवैद्य_सातारा
चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, एकदम वाढवू नका. हाडं निघालेल्या घोड्याला भरपूर हरभरा घातला की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जिवावर बेततं. सुका चारा मुख्य, लसूणघास थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी कायम समोर.

धनुर्वाताची लस लगेच, ह्या रोगाला घोडी फार लवकर बळी पडतात. सर्रा आणि ग्लँडर्स ह्या घोड्यांच्या दोन रोगांसाठी रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स माणसालाही होतो. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लंगडीसाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल.

रानजाई
एक शेळी सोबत बांधून बघा. घोडं एकटं राहिलं की सतत पहाऱ्यावर असतं, धड झोपतही नाही. रेसच्या बुजऱ्या घोड्यांजवळही शेळी ठेवतात. आणि लग्नसराईत डीजे वाजायला लागला की त्या वेळी तिच्याजवळ बसा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एकोणीस दिवसांनी लिहितेय. रक्ताचे अहवाल ठीक आले. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, डाव्या गालात आतून दोन जखमा होत्या. दात घासल्यावर चौथ्या दिवशी तिने पहिल्यांदा न थांबता सगळा चारा खाल्ला. तोपर्यंत अर्धा तोंडातून गळायचा आणि मला वाटायचं, हिला आवडत नाही.

म्होरकी मी घमेल्याच्या कडेला ठेवून देते. सुरुवातीला ती घमेल्याकडेच फिरकेना. आता म्होरकी नाकाने बाजूला सारते आणि खाते. शेळी रात्री तिच्या पोटाला टेकून बसते.

काल खांद्यावर तळहात ठेवला. कातडी माशी बसल्यासारखी थरथरली, मग थांबली. मी पाच मोजले आणि हात काढला. ती वळून माझ्या बाहीचा वास घेत राहिली. मागच्या पायांच्या वाटेला अजून गेलेली नाही.

खूर मात्र महिनाभरात पुन्हा कापावे लागतील. नालबंद ओळखीचा आहे. त्याला आधी नुसतंच बोलावून ठेवू का?

डोंगरवाट
हो ताई, बोलवा. तीन-चार वेळा येऊ दे, तुमच्या शेजारी बसून चहा पिऊ दे. अवजारांची पिशवी बरोबर आणू दे, पण उघडायची नाही.